पाटी कुणाच्या बापाच्या जागेत?

मालगुंडला केशवसुत जन्मले, त्यांचे स्मारकही तिथेच आहे. तरी गावात सर्वाधिक वाचले जाणारे साहित्य म्हणजे ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’. गणपतीपुळ्याहून मालगुंडकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हे वाङ्मय सुरू होते. त्यात पाठभेद आहेत : ‘उत्तम सोय’, ‘उत्कृष्ट सोय’, ‘एसी/नॉन एसी सोय’, आणि एका ठिकाणी नुसतेच ‘सोय’. बाकीची अक्षरे पावसाने नेली असावीत, पण गिऱ्हाईक तिथेही थांबते म्हणे.

या साहित्यात भर घालायची आमच्या मामाने ठरवले. निवृत्तीच्या पैशातून त्याने घरामागे दोन खोल्या बांधल्या, गीझर बसवले, चादरी आणल्या आणि मग त्याच्या ध्यानात आले की आपले घर पाखाडीने आत आहे, रस्त्यावरून कौलसुद्धा दिसत नाही. फाट्यावर पाटी हवी. ‘‘परवानगीचं तेवढं तू बघ रे,’’ तो मला म्हणाला. मी मुंबईत नोकरी करतो, म्हणजे मला कायदा येतो, असे आजोळी सर्वांचे मत आहे.

मी चौकशी केली. पाटीवर काय लिहिले आहे याच्याशी परवानगीचा फारसा संबंध नसतो. ती कशाला टांगली आहे याच्याशी असतो. स्वतःच्या भिंतीवर लावली तर ग्रामपंचायत. रस्त्याच्या हद्दीत रोवली तर सार्वजनिक बांधकाम विभाग. विजेच्या खांबाला बांधली तर महावितरण, पण तिथे मागायला जाऊच नये. माडाला ठोकली तर माडाचा मालक. एरवी नारळ सडले तरी तो फिरकत नाही, पण खिळ्याचा आवाज त्याला चिपळूणपर्यंत ऐकू जातो. महापालिकांचे बरे असते. पुण्यात तर यासाठी ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ आहे. मामाला हे सांगितले तेव्हा त्याला वाटले, तिथे पंचांग बघून पाट्या लावतात.

नियमांची थट्टा एका मर्यादेपर्यंतच करावी, हेही खरे. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळला तो फलक 120 बाय 120 फुटांचा होता; मुंबईत मुभा 40 बाय 40 ची. सतरा माणसे गेली. मालगुंडात एवढा फलक उभा करायला सपाट जागा मिळणार नाही, पण वाऱ्याला काही कमी नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात फाट्यावरचे फ्लेक्स आपापल्या पायांनी गाव सोडतात. जे उरतात त्यांना पुनर्जन्म मिळतो : लाकडांवर, शेणीवर, गोठ्यावर. मामाच्या गोठ्यावर सध्या एका युवा नेत्याचा वाढदिवस आहे. फ्लेक्स पालथा टाकल्यामुळे तो आतूनच दिसतो. म्हैस रवंथ करत वर बघते आणि नेता हात जोडून खाली बघतो. त्याची छाती मधल्या वाशावर अडली आहे आणि ‘शुभेच्छुक’ म्हणून ज्या पंचवीस चेहऱ्यांची रांग आहे ती बरोबर शेणाच्या पाटीवर येते. केशवाचा मुलगा एवढ्या ओळखीवर ज्याने कविता लिहिली, त्याच्या गावची ही प्रगती.

मग भाषेचा प्रश्न. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत हव्यात, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको, अशी दुरुस्ती राज्याने 2022 मध्ये केली. दहापेक्षा कमी माणसे असलेली दुकानेही तिच्यात घेतली. मुंबईचे व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितले. त्याच दुरुस्तीत असेही आहे की दारू विकणाऱ्याने महापुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावे पाटीवर घालू नयेत. जयगड इतका जवळ असताना आमच्याकडच्या बारवाल्यांचा हा केवढा त्याग!

‘‘आपली पाटी शंभर टक्के मराठी,’’ मामा म्हणाला आणि त्याने मसुदा पुढे केला : ‘सी व्ह्यू होम स्टे, अटॅच्ड बाथरूम, अनलिमिटेड थाळी’. सगळे शुद्ध देवनागरीत. लिपीबद्दल बोट ठेवायला जागा नव्हती. ठेवायचेच तर समुद्राबद्दल ठेवता आले असते; मामाच्या खोलीतून तो बघायचा तर आधी माडावर चढावे लागते.

एवढ्यात मामेभावाने निराळीच वाट काढली. ‘‘पाटी जमिनीत रोवायचीच कशाला? चाकांवर लावू.’’ त्याची टूरिस्ट पासिंगची पांढरी ईको आहे. रत्नागिरीच्या रेडियमवाल्याने एका संध्याकाळी तिच्यावर व्हिनाइल चढवले. दोन्ही दारांवर समुद्र, बॉनेटवर गणपती, आणि मागच्या काचेवर काचेएवढा उकडीचा मोदक, कळ्या मोजून घ्याव्यात असा. गाडी घरी आली तेव्हा मामीने तिला ओवाळले.

मला मात्र त्या गाडीत कलमेच दिसू लागली. प्रवासी वाहनावर जाहिरात करायची तर परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते. आरसी बुकात गाडीचा रंग पांढरा, दारात उभी ती निळी. आणि मागच्या काचेतून 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

‘‘भोकांचा स्टिकर आहे दादा, आतून सगळं दिसतं,’’ मामेभाऊ म्हणाला.

‘‘काय दिसतं?’’

‘‘मोदक. उलटा.’’

‘‘मग एसटीवर कशा जाहिराती चालतात?’’ हा मामाचा प्रश्न. एसटी महामंडळ त्याचे रीतसर कंत्राट देऊन पैसे घेते, हे मी समजावले. त्याला त्यात अन्यायच दिसला. याच राज्याने 2015 मध्ये ट्रकांच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ पुसायला लावले होते, तिथे आमचा मोदक काय टिकणार! पासिंगची तारीख जवळ आली तसा रेडियमवाला गरम हवेची गन घेऊन हजर झाला. समुद्र पट्ट्यापट्ट्यांनी निघाला. मोदकाचे टोक तेवढे निघाले नाही. ते काचेच्या वरच्या कडेला अजून आहे, आणि तपासणीत त्यावर कोणी काही बोलले नाही.

पुन्हा फाटा. तिथे आमची जांभ्याच्या गडग्याला लागून एक पट्टी आहे, रस्त्याची हद्द सोडून. ग्रामपंचायतीत विचारले तर सरळ उत्तर आले : सातबारा आणा, सहहिस्सेदारांची संमती आणा. खरा परवाना हा. बाकी खात्यांना निदान अर्जाचा नमुना तरी असतो, भाऊबंदांना नसतो. त्या सातबाऱ्यावर जितकी नावे आहेत तितकी माणसे आजोबांच्या तेराव्यालाही नव्हती. काही वर गेलीत, काही बोरिवलीत, एक शाखा बडोद्याला.

बोरिवलीच्या काकांची हरकत नव्हती. ‘‘फक्त खाली एक ओळ टाक : देवगड-रत्नागिरी हापूस पेटी मिळेल.’’ डोंबिवलीच्या आत्याचा मुलगा विम्याचा एजंट, त्यालाही एक ओळ. बडोदेकरांना पैसा नको, जाहिरात नको; वडिलांच्या स्मरणार्थ असा उल्लेख हवा, तोही सर्वात वर. गडग्यापलीकडच्या चुलतमामांनी लगेच सही केली, अट एकच : बाण आमच्या खळ्याकडे वळता कामा नये. घर नेमके त्यांच्या खळ्यामागे.

पाटी लागली. वर स्मरणार्थ, मध्ये हापूस, मग विमा, आणि ‘सी व्ह्यू होम स्टे’ उरलेल्या जागेत. तेही देवनागरीत आणि कुठल्याही दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नाही, कारण दुसरी लिपीच नाही. बाण नाही. मोबाइल नंबर एकाच माणसाचा मावला, तो मामाचा. फोन खूप येतात. बहुतेक हप्ता कधी भरायचा असे विचारणारे असतात. मामा तारीख सांगतो, पावती जपून ठेवायला सांगतो आणि फोन ठेवायच्या आधी विचारतो, ‘‘राहायला कधी येताय?’’