वय वर्षे तीन, नियोजन वार्षिक

उजव्या पायात डावी चप्पल घालून जो निश्चिंतपणे अंगणभर फिरतो, त्याने येत्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काय शिकायचं, हे आपण मार्चमध्येच ठरवून मोकळे होतो. भोपाळात शाळांचं नवं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. त्यामुळे होळी झाली की कोलार रोडपासून अयोध्या बायपासपर्यंत सगळ्या प्ले-स्कूलांत आणि पाळणाघरांत हा उद्योग चालू असतो. मोठा कागद आडवा धरायचा, पट्टीने रकाने पाडायचे आणि वर लिहायचं : महिना, विषय, उद्दिष्ट, उपक्रम, साहित्य, मूल्यमापन. ओळखीतल्या एका पाळणाघराचं हे काम माझ्याकडे येतं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मी निवृत्त आहे. भोपाळातल्या मराठी मंडळींत एवढ्या भांडवलावर बाईला गणेशोत्सवाच्या पावत्यांपासून हळदीकुंकवाच्या यादीपर्यंत काहीही सांगता येतं. त्या मानाने बालशिक्षण म्हणजे किरकोळ काम.

तक्ता भरताना अंगात एक प्रकारचा अधिकार संचारतो, हे मान्य करायला हवं. ‘सप्टेंबर, तिसरा आठवडा : मुले आत आणि बाहेर या संकल्पना समजून घेतील’ असं मी झोकात लिहिते. वास्तविक मुलांना त्या पहिल्याच दिवशी समजलेल्या असतात. आई बाहेर गेली आणि आपण आत राहिलो, एवढा स्वच्छ पाठ त्यांना पुन्हा कोणी देणार नसतं. त्याची पोचही ती तिथल्या तिथे भोकाड पसरून देतात.

या बाबतीत सरकारी कागद आमच्या तक्त्यापेक्षा शहाणा निघाला. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2024 साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ नावाचा अभ्यासक्रम काढला. त्यात वर्षाचे 48 आठवडे धरले आहेत. पहिले 4 आठवडे मूल नुसतं रुळण्यासाठी, पुढचे 36 खेळ, गप्पा, शोधाशोध आणि काहीबाही घडवण्यासाठी, शेवटचे 8 उजळणीसाठी. रडण्याला अशी चार आठवड्यांची रीतसर मंजुरी मिळालेली पाहून माझी शासनावरची श्रद्धा थोडी वाढली. आमच्याकडे ‘एप्रिल, पहिला आठवडा’ या रकान्यात थेट ‘माझे शरीर’ आहे. पोरगं हुंदके देत असतं आणि दीदी त्याला नाक कुठे आहे ते विचारत असते. नाक कुठे आहे हे त्या क्षणी त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

भोपाळच्या गल्लीबोळांत ‘आंगनवाड़ी केंद्र’ अशी रंगवलेली भिंत दिसली की मला ताराबाई मोडक आठवतात. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचा पाया घातला. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मोठ्या मिशांच्या त्या गिजुभाईंना लोक ‘मूछाळी मा’ म्हणत, आणि ते वकिली सोडून लहान मुलांत रमले होते. पुढे 1945 साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, पण पाड्यावरची मुलं तिच्यात येईनात. आपण असतो तर हजेरीपटावर लाल शेरे मारले असते आणि पालकांना बोलावणं धाडलं असतं. या बायकांनी बालवाडीच उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेऊन मांडली. ती अंगणवाडी. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पानं आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळाही काढली. आमच्या तक्त्यात ‘स्थळ’ असा रकाना असता आणि त्यात ‘गाय जाईल तिथे’ असं लिहायचं ठरलं असतं, तर माझं बरं अक्षरही कापलं असतं. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली तेव्हा ताराबाई हयात नव्हत्या, पण तिच्या अंगणवाड्यांतून अंगण मात्र पुढे देशभर पोचलं.

हे सगळं वाचून माहीत असणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. गेल्या डिसेंबरात ‘रंग व आकार’ असा आठवडा होता. साहित्य : लाकडी ठोकळे, रंगीत कार्डं. त्याच सकाळी पाळणाघरातल्या अम्माने व्हरांड्यातल्या उन्हात जुनी चादर अंथरली आणि दुपारच्या पुलावासाठी आणलेल्या मटारच्या शेंगा तिच्यावर ओतल्या. भोपाळच्या थंडीत मटार किलोच्या हिशोबात येत नाही, पिशवीच्या हिशोबात येतो. ठोकळे तिथेच राहिले आणि मुलं चादरीभोवती जमली. एका मुलीला शेंगेची शीर नेमकी कुठे दाबायची ते सापडलं. टच् आवाज झाला की ती प्रत्येक वेळी नव्याने चकित व्हायची. एकाने दाणे मोठ्यापासून लहानापर्यंत रांगेत लावले आणि शेवटच्या टिकलीएवढ्या दाण्याला ‘ये इसका बच्चा है’ म्हणून नातं जोडून दिलं. तिसरा मोजत होता : एक, दो, तीन, पाँच. ‘चार कहाँ गया?’ मी विचारलं. त्याने तोंड उघडून दाखवलं. वजाबाकी आमच्या तक्त्यात दोन वर्षांनंतर आहे.

अम्माचं मोजणीकडे लक्ष नव्हतं. ती शेंगा सोलता सोलता सगळ्यांच्या नाकांकडे बघत होती. दाणा तोंडात गेला तर चालेल, नाकात जाता कामा नये, एवढंच तिचं शैक्षणिक धोरण. तेवढ्यात दीदी मोबाइल घेऊन आली, कारण पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता. ‘सब बच्चे इधर देखो! मटर का कलर कौन-सा?’ सगळ्यांनी एका सुरात ‘ग्रीऽऽन’ म्हटलं, हात झटकले आणि उठून गेले. उद्दिष्ट साध्य झालं होतं. मटार अर्धा राहिला.

तेव्हापासून मी तक्त्याकडे जरा संशयाने बघते. मुलं अभ्यासक्रम बिघडवतात ही आपली लाडकी तक्रार. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो आपणच बिघडवतो. ‘वाहने’ या आठवड्यात मी जहाजाचं सुंदर चित्र लावलं होतं. समुद्र इथून कुठच्या कुठे. मुलांच्या डोक्यात मात्र मेट्रोसाठी रस्ता खणणारा जेसीबी. तो दिसला की अख्खी पलटण खिडकीला चिकटायची आणि आम्ही त्यांना तिथून ओढून आणून जहाज दाखवायचो. शिस्तीच्या रकान्यात ‘भिंतीवर रेघोट्या ओढू नयेत’ हेही मीच लिहिलं आहे. भोपाळहून पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटका आहे. तिथल्या गुहांत हजारो वर्षांपूर्वी माणसांनी भिंती रंगवून ठेवल्या. 1957 साली आगगाडीतून जाताना पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांची नजर तिथल्या खडकांकडे गेली आणि 2003 मध्ये भीमबेटकाला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथे एका दीदीची नेमणूक असती, तर आज बघायला स्वच्छ भिंती असत्या.

पालकांचा प्रश्न वेगळाच. हे गाव ‘एकलव्य’चं. 1982 पासून ही संस्था इथून मुलांना स्वतः विचार करू द्या असं सांगते आहे, ‘चकमक’सारखं मासिक काढते आहे; तिच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकावरून पुण्यात मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ निघालं. आणि याच गावात साडेतीन वर्षांच्या चिरंजीवांचे वडील फाटकात स्कूटर बंद न करता विचारतात, ‘भाभीजी, वर्कशीट कब से?’ त्यांना दोष देववत नाही. मटार सोलल्याचं प्रमाणपत्र नसतं आणि मोठ्या शाळेत प्रवेशाच्या वेळी शेजारच्याचा मुलगा शंभरपर्यंत म्हणून दाखवतो. भीती खरी असते. फक्त ती मुलाची नसते, आणि तरी तिच्यावरचं औषध मुलाला पाजलं जातं.

म्हणून यंदा तक्त्यात एक रकाना वाढवला आहे : ‘मोठ्यांनी काय करू नये’. जेसीबी आल्यास पडदा ओढू नये. रांग लागली असता मध्ये ‘किती झाले’ विचारू नये. फोटोसाठी कोणालाही हसायला लावू नये. पहिले चार आठवडे नाक कुठे आहे ते विचारू नये. बाकीचे रकाने भरायला दोन दुपारी लागल्या. हा एका चहात भरला, आणि वर्षभर पाळायला सगळ्यांत अवघड हाच असणार, असं माझं भाकीत आहे.

पालकसभेत तक्ता वाचून दाखवला. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. मग स्कूटरवाल्या वडिलांनी हात वर केला. ‘भाभीजी, ये आखिरी वाला कॉलम तो हम लोगों के लिए है. इसका टेस्ट कौन लेगा?’

परीक्षक म्हणून अम्माची नेमणूक तिथल्या तिथे झाली. ती फार कडक आहे, एवढी सूचना मी देऊन ठेवली.