ऑक्टोबरचा फोटो, मार्चचा वणवा

देशात जंगल किती आहे, याचा हिशेब डेहराडूनला होतो. भारतीय वन सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था 1 जून 1981 रोजी सुरू झाली आणि 1987 पासून ती साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनांचा अहवाल काढते. 2023 चा अहवाल डिसेंबर 2024 मध्ये आला. वन आणि वृक्ष मिळून देशाचा 25.17 टक्के भूभाग हिरवा आहे, असं त्यात म्हटलंय. महाराष्ट्राच्या नावावर 65,383 चौरस किलोमीटर आहेत, म्हणजे देशात तिसरा क्रमांक. 1988 च्या वननीतीनं 33 टक्के मागितले होते. ते अजून लांब आहेत, पण आकडा वाढतोय म्हणून सगळे खूश.

मला हा आकडा कल्याणजवळच्या शहाडमधून वाचायचा आहे.

शहाडचं पोट लाकडावर चालतं. इथल्या कारखान्यात पिढ्यान् पिढ्या रेयॉनचा धागा निघतो, आणि रेयॉन बनतो झाडाच्या लगद्यापासून. शहाडची तहानही जंगलावरच भागते. बारवी धरणाचं पाणी उल्हास नदीत उतरतं, शहाडला ते उचललं जातं आणि शहाड-टेमघर योजनेतून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत जातं. उल्हासनगरच्या नळालाही याच खोऱ्याचं पाणी. त्यामुळे बदलापूरच्या पलीकडचे बारवीचे डोंगर हा सहलीपुरता विषय नाही. तो लाखो घरांच्या पिंपांचा विषय आहे.

आता मोजणी कशी होते ते पाहा. उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर 23.5 मीटर लांब-रुंद असतो. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा आणि वरून पाहिल्यावर किमान दहा टक्के जमीन झाडांच्या माथ्यांनी झाकलेली, एवढं असलं की ती जागा ‘वनाच्छादन’ या सदरात जाते. मालक कोण, झाड कुठलं, जमीन कशासाठी वापरतात, याचा संबंध नाही. मुरबाड रस्त्याला डोंगर सपाट करून फार्महाऊस बांधलं, भोवती अडीच एकरांवर आंब्याची कलमं लावली आणि ती डवरली, की तीही वनाच्छादनात. बारवीच्या काठचं साग-ऐनाचं, पळसाचं जुनं रानही वनाच्छादनातच. विरळ, मध्यम, घनदाट असे वर्ग आहेत, पण ते माथे किती दाट एवढंच सांगतात. माथ्याखाली रान आहे की बाग, हे त्यातून कळत नाही.

ही लबाडी नाही. व्याख्या अहवालात छापलेली आहे, लपवलेली नाही. लबाडी होते ती पुढे, बातमीत आणि भाषणात ‘वनाच्छादन’ या शब्दाचं ‘जंगल’ होतं तेव्हा. त्याच अहवालातला एक आकडा भाषणात कधी येत नाही. मागच्या अहवालापेक्षा देशाचं वनाच्छादन 156 चौरस किलोमीटरनं वाढलं. त्यातली सुमारे 149 चौरस किलोमीटरची वाढ नोंदलेल्या वनक्षेत्राच्या बाहेरची आहे. आत वाढ झाली जेमतेम 7. ज्या जमिनीला सरकार स्वतः जंगल म्हणतं, ज्यासाठी वनखातं पगार घेतं, तिथे दोन वर्षांत सगळ्या देशात मिळून 7 चौरस किलोमीटर. या एका ओळीवर विधानसभेत दिवसभर चर्चा व्हायला हवी होती.

माझा खरा राग मात्र तारखेवर आहे. वनाच्छादनासाठी जी चित्रं घेतात ती बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबरची. कारण शास्त्रीय आहे आणि योग्यही आहे: पाऊस संपलेला, आभाळ मोकळं आणि पानझडीच्या झाडांवर अजून पानं. पण आपले डोंगर पेटतात फेब्रुवारी ते मेमध्ये. कर्जत लोकलनं रात्री येणाऱ्या कुणालाही विचारा, मार्चमध्ये डोंगरावर लाल रेघ सरकताना त्यानं पाहिलेली असते. कुणी गवत चांगलं फुटावं म्हणून लावतो, कुणी सशा-डुकराच्या शिकारीसाठी, कुणी जमीन मोकळी दिसावी आणि प्लॉट विकता यावा म्हणून. जून आला की पहिल्या दोन सरींत सगळं हिरवं होतं. मोठी झाडं तगलेली असतात. ऑक्टोबरला पुन्हा फोटो निघतो आणि फोटोत काहीच घडलेलं नसतं.

जळून गेलेली असतात ती गुडघ्याएवढी रोपं. म्हाताऱ्या झाडांची पोरं. दहा वर्षं असं चाललं की माथे तेवढेच राहतात आणि खाली वारस एकही उरत नाही. मग एक दिवस माथेही विरळ होतात, आणि तेव्हा कुठे ते अहवालात उमटतं. वन सर्वेक्षणाची माणसं जमिनीवर जाऊनही नमुने घेतात, रोपं मोजतात, माती तपासतात. काम मोलाचं आहे, पण त्याचे निष्कर्ष निघतात राज्याच्या आणि देशाच्या पातळीवर. बदलापूर परिक्षेत्रातल्या एका बीटवर, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, या वर्षी काय झालं, हे त्यातून कळणार नाही.

वणव्याची खबर मात्र हीच संस्था देते. उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो, 375 मीटरच्या चौकोनात तापलेली जागा टिपतो आणि नोंदणी केलेल्याला मोबाइलवर निरोप येतो. नोंदणी नागरिकालाही करता येते. निरोप वनरक्षकाला पोचतो, आणि तो हातात ओल्या डहाळ्या घेऊन धावतो. एक माणूस, एक बीट, चार डोंगर. पुढच्या वेळी कुणी ‘वनखातं झोपलंय’ म्हणालं, तर मार्चच्या रात्री त्या माणसाबरोबर एकदा चढून यावं.

म्हणून मागणी सरळ आहे. दर जूनमध्ये, पाऊस पडण्याआधी, ठाणे वनविभागानं बीटवार जाहीर करावं: किती हेक्टर जळलं, किती वेळा जळलं, मागच्या वर्षी तेच जळलं होतं का. निरोपांच्या नोंदी आधीच आहेत, फक्त मांडायच्या आहेत. आणि या खोऱ्याचं पाणी पिणाऱ्या महापालिका आणि नगरपालिकांनी पाणीपट्टीतून जाळरेषांचा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांचा, खर्च उचलावा. जाळरेषा हिवाळ्यात काढाव्या लागतात, फेब्रुवारीचा मध्य उजाडला की उशीर झाला. अंदाजपत्रकात बागेतल्या कारंज्याला पैसे मिळतात. बारवीच्या डोंगरावर गवत कापायला पाड्यावरची पन्नास माणसं दोन महिने लावली, तर त्यांनाही मजुरी मिळेल, आणि त्यातली कितीतरी माणसं वीटभट्टीवर जायची थांबतील.