रजेवरच्या गोळ्या

ज्या गावी एखादा निवृत्त हेडक्लार्क आहे त्या गावी हा गृहस्थ आहेच, तेव्हा त्याची ओळख करून देण्यात मी वाचकांचा वेळ दवडीत नाही. आमच्या मांद्र्यात त्यांना सगळे आबा म्हणतात, एवढे पुरे. सकाळी त्यांच्या सोप्यावर जाऊन 'आबा, प्रेशरची गोळी घेतली का?' असे कोणी विचारले, की चष्मा कपाळावर सारून, मामलेदार कचेरीत उभी हयात घालविलेल्या माणसालाच शोभेल अशा अधिकाराने ते उत्तर देतात, 'आज तिका रजा!'

आबा विसरतात असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. पूल होण्यापूर्वी शिवोली-चोपडे फेरीबोट कोणत्या वेळी सुटत असे, हे त्यांना आजही मुखोद्गत आहे. त्यांच्या दप्तरी गोळीची प्रत्येक गैरहजेरी रीतसर मंजूर असते. एकादशीला साखरेची गोळी किरकोळ रजेवर, कारण उपाशीपोटी ती घेतली तर घेरी येईल. आणि काही गोळ्यांच्या बाबतीत हे अगदी खरे असल्यामुळे वाद घालणाऱ्याचीच पंचाईत होते. म्हापशास जायचे असेल त्या दिवशी लघवीची गोळी रजेवर, कारण कदंबची बस वाटेत आबांसाठी थांबत नाही. देवळात दहिकाल्याची रात्र असली, की संकासुराच्या प्रवेशापासून पहाटेपर्यंत पहिल्या रांगेतली जागा सोडावी लागू नये म्हणून तिची रजा आदल्या दिवसापासूनच सुरू होते. अॅम्लोडिपिनचा गुन्हा अधिक गंभीर: तिच्यामुळे घोटे सुजू शकतात हे वैद्यकशास्त्रही कबूल करते, परंतु ही तक्रार डॉक्टरांच्या कानी घालण्याऐवजी आबांनी गोळीलाच, चौकशी पुरी होईपर्यंत, निलंबित केले. चौकशी अद्याप चालू आहे.

चरकाने उत्तम रोग्याचे जे चार गुण सांगितले, त्यांपैकी स्मृती आणि निर्भयता आबांपाशी भरपूर. आज्ञापालन आणि आपली अवस्था वैद्याला यथार्थ कळविणे, या दोन बाबींत मात्र खडखडाट. परिणामी प्रेशर चढलेले पाहून, पाठीमागे ताटकळलेल्या रांगेमुळे फारशी विचारपूस न करता, डॉक्टर बिचारे मात्रा वाढवितात, नवी गोळी नेमतात, आणि ती बाईही रुजू झाल्यापासून आठवड्याच्या आत रजेवर जाते. विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांत औषधांचे पालन सरासरी निम्मेच होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली नमूद केले आहे, हे मी आबांना सुनावले, तेव्हा ते प्रसन्न मुद्रेने म्हणाले, 'निम्मी कचेरी हजर? आमच्या काळात तेवढी कधी नव्हती!'

आखातातला मुलगा रात्री फोनवर विचारतो, तेव्हा 'सगळ्या घेतल्या' असा खोटा अहवाल बिनदिक्कत जातो. एरवी या मुलाचा कारभार चोख. समुद्राकडची काजूची बाग त्याने हॉटेलवाल्याला भाडेपट्ट्याने दिली, आबांनी दाखविल्या जागी सही केली. विजेचे बिल सून मोबाइलवर भरते. घरात आता एकही कागद 'आबांस विचारून' असा शेरा घेऊन पुढे सरकत नाही. सकाळी ताटलीतून त्या रंगीत गोळ्या तेवढ्या त्यांच्यासमोर हुकुमासाठी उभ्या राहतात.

गेल्या पावसाळ्यात मला प्रेशर निघाले. तेव्हापासून हा मनुष्य डोक्यावर छत्री, हातात काठी, चिखल तुडवीत रोज माझ्या दारात हजर. गोळी घशाखाली उतरल्याखेरीज हलत नाही. एकदा त्रासून मी त्यांचेच शस्त्र त्यांच्यावर चालविले, म्हटले, 'आबा, आज तिका रजा.' त्यांनी पाकिटातली गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि कचेरीतल्या आवाजात विचारले, 'रजा मंजूर करणारा तू कोण?'