अर्धा पाउंड जास्त

एटीव्ही विकत घेणाऱ्याला ती चालवायची असते, असा एक भाबडा समज आहे. कर्जतच्या बाजूला दोन एकर घेऊन आंबे लावलेले आणि आंबे धरेनात म्हणून फुगीर टायरांची एटीव्ही आणलेले एक निवृत्त अभियंते आमच्या परिचयाचे आहेत. त्यांना त्या टायरांतली हवा बघायची असते. बघून वेळ उरला तर चालवायची, आणि वेळ सहसा उरत नाही.

हवेच्या दाबाच्या मापावरून पंचक्रोशीत त्यांना ‘पीएसआय’ म्हणतात. एका शुक्रवारी त्यांनी मुंबईहून राखणदाराला फोन केला, “उद्या पुढे पाच पीएसआय, मागे चार. सकाळी तयार ठेव.” साहेब पोचले तेव्हा ओसरीवर नऊ खुर्च्या मांडलेल्या होत्या, पुढे पाच, मागे चार, आणि राखणदाराची बायको रश्शाचं वाटण घेऊन बसली होती. साहेब अर्धा तास लवकर आले हे नशीब; कोंबड्यांचं.

हवेबद्दलचं त्यांचं म्हणणं खोटं असतं तर बरं झालं असतं. मोटारीला तीस-बत्तीस पाउंड, म्हणजे पीएसआय, हवा लागते. एटीव्हीच्या टायरचा सगळा संसार साधारण तीन ते आठ पाउंडांत. हवा कमी असली की टायर पसरतो, वाळूवर तरंगतो, दगड पोटात घेतो. जास्त झाली की तोच दगड थेट मणक्याला कळवतो. आणि फारच कमी केली तर वळणावर टायर रिमवरून सुटतो, नाहीतर रिमलाच पोचा पडतो. मोटारीत एक पाउंड इकडेतिकडे झाला तर कुणाला पत्ता लागत नाही. पाचात एक म्हणजे वीस टक्के! हे ‘वीस टक्के’ ते इतक्या खालच्या आवाजात सांगतात, की ऐकणाराही नकळत मागेपुढे बघतो. डावी-उजवी चाकं सारखी नसतील तर गाडी एका अंगाला ओढते, हेही खरंच. किनाऱ्यावरच्या भाड्याच्या एटीव्हीत चार टायरांची चार मतं असतात आणि पैसे मोजून आपण समुद्राकडे जातो की नारळाच्या झाडाकडे, ते त्या मतांवर ठरतं.

सुरुवातीला त्यांच्याकडे हवा मोजायचा गेज नव्हता. एटीव्हीला नंबरप्लेट नाही, त्यामुळे ती रस्त्यावर काढता येत नाही; म्हणून त्यांनी चाक काढलं आणि रिक्षातून पंक्चरवाल्याकडे नेलं.

“किती मारू?”

“पाच.”

“पाच? काका, पाच म्हणजे पंक्चरच की!”

त्याच्या मीटरची पहिली खूणच दहाची होती. त्याने दया येऊन वीस मारले. चाक भोपळ्यासारखं टरारून परत आलं, साहेबांच्या मांडीवर बसून. त्याच आठवड्यात शून्य ते दहा पाउंड दाखवणारा खास गेज आला. हल्ली तो शर्टाच्या खिशात असतो; लग्नाकार्यातसुद्धा.

गेज आला आणि ऊन-सावलीचा प्रश्न सुरू झाला. हवा टायर थंड असतानाच बघायची, असा नियम आहे. सकाळपासून दुपारपर्यंत पंधरा अंश तापमान चढलं की बंद टायरात सुमारे एक पाउंड वाढतो. म्हणजे सकाळचे पाच दुपारी सहा. शिवाय पूर्वेकडची दोन चाकं आधी तापतात. म्हणून एटीव्ही आंब्याच्या सावलीत. सावली सरकली की एटीव्ही ढकलायची. इंजिन सुरू करायचं नाही, कारण चालवली की टायर तापतात आणि हवा चुकते. या शेवटच्या वाक्याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

एकदा ती टेम्पोत घालून पाचगणीला नेली होती. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर. बाहेरची हवा विरळ, म्हणून तोच टायर तिथे गेजवर दोनेक पाउंड जास्त दाखवतो. साहेबांनी तिथे हवा सोडली. कर्जतला उतरल्यावर भरली. मंडळींनी दोन दिवस स्ट्रॉबेरी खाल्ली. पाचगणीबद्दल साहेबांना विचाराल तर “वातावरण चांगलं आहे” एवढंच सांगतात. त्यांना वातावरणाचा दाब म्हणायचा असतो.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा हेल्मेट घालून तासभर उभा होता.

“मामा, आता बसू?”

“वजन किती तुझं?”

“अडुसष्ट.”

“फराळाच्या आधी की नंतर?”

भाचा चिडून नदीवर निघून गेला, तेव्हा साहेबांना हायसं वाटलेलं दिसलं.

त्यांच्या आयुष्यातला खरा धक्का राखणदाराच्या पोराने दिला. हा पोरगा साहेब नसताना एटीव्हीवरून गवताचे भारे आणतो. ओढ्याच्या वाळूत शिरायच्या आधी टायरला टाच लावून दाबतो, व्हॉल्व्हची टोपी काढून काडीने फुस्स करतो आणि निघतो. साहेबांनी त्याला रंगेहाथ पकडलं आणि गेज लावला. मागे चार, पुढे पाच. काटा जराही इकडेतिकडे नाही.

साहेब त्या संध्याकाळी जेवले नाहीत. पोराचा अंदाज बरोबर निघावा, ही गोष्ट पटण्यासारखी नव्हती. तेव्हा गेजच बिघडला असणार. दुसरा मागवला, डिजिटल. तो त्याच पुढच्या टायरात साडेपाच दाखवतो. आता दोघांत खरा कोण, हे ठरवायला तिसरा गेज येणार आहे, आणि तो येईपर्यंत एटीव्हीला कुणी हात लावायचा नाही असं घरात सगळ्यांना बजावलेलं आहे. राखणदाराच्या पोराला सांगायचं तेवढं राहून गेलंय. गवत रोज येतं.