परांची लावलीच आहे तर

आमच्या सोसायटीची गच्ची गळायची ती फक्त चौथ्या मजल्यावर. त्यामुळे बाकीच्या तीन मजल्यांच्या मते ती गळती नव्हती, तक्रार होती. कित्येक पावसाळे ती 'आयत्या वेळचे विषय' या सदरात मुक्कामाला होती. अखेर ओल भिंतीतून उतरत उतरत तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे अध्यक्षांच्या देवघरापर्यंत पोहोचली आणि तिला ठरावाचा दर्जा मिळाला. ठराव एका ओळीचा होता : 'गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेणे.' इतका नेटका ठराव आमच्या इतिवृत्तात त्याआधी नाही, आणि त्यानंतर तर नाहीच.

मी सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. खजिनदार म्हणाले, "तुम्ही दिवसभर ऑफिसात प्रोजेक्टच करता ना? मग हा आणखी एक." प्रोग्राम आणि कोबा यांत थोडा फरक असतो, असं मी नम्रपणे सुचवलं. ते म्हणाले, "दोन्ही गळतातच की."

वास्तविक काम सरळ होतं. जुना कोबा उकरायचा, विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून नव्याने ढाळ काढायचा, कठड्याच्या कडेला गोलाई द्यायची आणि मग गच्चीवर पाणी तुंबवून खाली थेंब येतो का ते बघायचं. यात परांचीचा काही संबंध नाही. पण पाहणीला आलेल्या इंजिनिअरने पश्चिमेच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे प्लास्टरला भेगा होत्या. गच्ची कितीही घट्ट केली तरी पाणी या भेगांतून आत शिरणारच, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. पहिली वाढ नेहमी बरोबरच असते. तीच जर अडाणीपणाची असती तर कुणीही तिला दारातच अडवलं असतं.

भिंतीसाठी परांची आली. बांबू आले, सुतळी आली, आणि सोसायटीची मानसिकताच बदलली. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, थेट डोळ्यांसमोर, थापी घेऊन एक माणूस उभा आहे आणि काकूंच्या मनात वर्षानुवर्षं साठलेली कामं आहेत, हा योग एकदा जुळून आल्यावर ठराव बिचारा काय करणार?

"मिस्त्री, चहा घेणार?"

"द्या की, काकू."

"आलं घातलंय. बरं, तुम्ही परांचीवर आहातच तर एवढा छज्जा बघता का? दोन थाप्यांचं काम आहे."

स्कोप वाढतो तो मीटिंगमध्ये, असं ऑफिसातल्या प्रशिक्षणात शिकवतात. शिकवणाऱ्याने परांची पाहिलेली नसावी. स्कोप वाढतो तो खिडकीत, आल्याच्या चहावर. एका कपात छज्जा, दोन कपांत बाथरूमच्या खिडकीची कड; कांदेपोहे असतील तर जाळीला रंगसुद्धा. मिस्त्रीही मनाने उदार. तो कुणालाच नाही म्हणत नसे, कारण कॉन्ट्रॅक्टरच्या बिलात याच्यासाठी 'एक्स्ट्रा आयटम' नावाची वेगळी जागा असते आणि ती पोह्यांनी भरत नाही.

मग मोठी माणसं सरसावली. भिंत नवी होणारच आहे तर रंग काढून टाकू. रंग काढायचाच तर तीनच बाजू का, चौथीही घ्या. बाहेरून इमारत नवी दिसल्यावर जिना कसा दिसेल? जिन्याला फरशी. फरशी आली तर लिफ्टचं दार जुनाट वाटेल. गेटला कमान हवी, कमानीवर नाव हवं, आणि नाव घालायचंच तर मोडीत घाला, असंही एका सभासदाने सुचवलं. म्हणजे पोस्टमनपासून सुटका.

पैसा कुठून येणार, हे कुणी विचारत नव्हतं. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंडात बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरसाल जमा करायची असते. बांधकाम खर्च म्हणजे बिल्डरने कागदावर दाखवला तो. त्या पाव टक्क्यावर आमच्या सभासदांचा असा विश्वास, की त्यात गच्ची, कमान आणि उरलं तर हळदीकुंकू सहज बसेल.

हा काही आमच्याच सोसायटीचा अवगुण आहे असं नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मान्यता मिळाली ती ३७२ कोटींची. पुढे सुधारित मान्यता घेत घेत आकडा १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. त्यात महागाई आहे, भूसंपादन आहे, पुनर्वसन आहे. सगळं पाप वाढीव कामाचं नव्हे. मी हे उदाहरण सभेत धोक्याची सूचना म्हणून दिलं. खजिनदारांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपलं काहीच नाही!"

मला स्वतःला स्वीडनच्या वासा जहाजाची गोष्ट जास्त जवळची वाटते. राजाची युद्धनौका, तोफांचे दोन मजले एकावर एक, बांधणारा मुख्य कारागीर काम चालू असतानाच वारलेला. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून बघितलं. जहाज एवढं डुलायला लागलं की चाचणी थांबवली. चाचणी थांबवली, जहाज नाही. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते स्टॉकहोमच्या बंदरातून निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता बुडालं. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही. हे वाचताना मला आमची वार्षिक सभाच डोळ्यांपुढे आली. आणि सिंकिंग फंड हे नावही आमच्यापेक्षा त्या जहाजालाच जास्त शोभलं असतं.

ऑफिसातला एक उपाय मी करून बघितला. आम्ही गिऱ्हाइकाच्या मागण्यांचे चार कप्पे करतो. मी तसा तक्ता जिन्यात लावला : 'हवंच', 'हवं', 'असेल तर बरं' आणि 'यंदा नको'. दोन दिवसांत पहिला कप्पा भरून समासात गेला. चौथ्या कप्प्यात एकच नोंद होती, पेन्सिलीने केलेली : 'अध्यक्ष'.

सोसायटी वाचवली ती दुसऱ्या मजल्यावरच्या नानांनी. नाना सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. निविदेतलं परिमाण सव्वापटीच्या वर गेलं की दराचा प्रश्न नव्याने उघडतो, हे बी-१ निविदेचं कलम त्यांना तोंडपाठ. घरात साखर जास्त लागली तरी ते सूनबाईंना त्याच कलमाचा हवाला देतात. नानांनी माझा तक्ता काढला, पाठकोऱ्या बाजूवर मथळा घातला, 'या कामात समाविष्ट नाही', आणि खाली लिहायला बसले. जिना. लिफ्ट. कमान. खिडक्यांच्या जाळ्या. सभासदांनी स्वखर्चाने पुढे ओढलेल्या बाल्कन्या. कुंड्यांचे स्टँड. टीव्हीच्या छत्र्या. 'आणि वर न लिहिलेले सर्व काही.'

काय करायचं नाही तेही लिहून ठेवावं, असं आमच्या पुस्तकांत असतं, पण ऑफिसात ते पान आम्ही शेवटी, घाईघाईत भरतो, कारण गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. नानांना चेहऱ्यांची सवय होती. यादी लागताच जिन्यात गर्दी झाली. कामाची यादी महिनाभर लटकत होती तिच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. ही मात्र चष्मे आणून वाचली गेली. "माझी बाल्कनी यात का?" म्हणून दोघे भांडायला आले. एका वहिनींनी शेजारणीची बाल्कनीही यादीत आहे ना, एवढीच खात्री करून घेतली आणि शांतपणे सही केली.

दुसरं अस्त्र म्हणजे अर्ज. वाढीव काम कोणतं, कशासाठी, किती दिवस वाढणार, किती पैसे वाढणार, आणि ते कोण देणार. शेवटच्या रकान्यात नाना स्वतः आकडा घालून देत, प्रत्येक फ्लॅटमागे. कमानीचा अर्ज त्या रकान्यापर्यंत आला आणि अर्जदाराला मोडी लिपीचं पुढे काही आठवेना. चहाचे कपही आटले. मिस्त्री एकदा मला म्हणाला, "साहेब, नानांनी आमच्या पोटावर मारलं."

सगळं आटोक्यात आलं असं वाटत असतानाच पिंपळ सापडला.

पाण्याच्या पाइपामागे, भेगेत, हातभर उंचीचा. पानं तजेलदार, मुळं थेट भिंतीत. भिंत दुरुस्त करायची तर तो निघायलाच हवा. मिस्त्रीने थापी खाली ठेवली. "दुसरं काय बी सांगा. पिंपळाला हात लावायचा नाही." कॉन्ट्रॅक्टरने कामांची यादी पुढे केली, तीत पिंपळ नव्हता. मी नानांची यादी बघितली, तीतही नव्हता. नानांनी शेवटची ओळ दाखवली : 'वर न लिहिलेले सर्व काही.' म्हणजे पिंपळ सोसायटीच्या भिंतीत होता, पण कुणाच्याच कामात नव्हता.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी अर्ज भरला. काम : पिंपळ मुळांसकट काढून फाटकाजवळ पिंपात लावणे, १ नग. कारण : 'कारण विचारू नये.' वाढीव दिवस : अर्धा, अमावास्या सोडून. खर्च : नारळ, दक्षिणा आणि एक जुनं पिंप. कोण देणार, या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. असा अर्ज नानांकडे तोवर आला नव्हता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मंजूर केला. मुळं ओली ठेवून, फडकं गुंडाळून, मिस्त्रीने तो काकूंच्या देखरेखीखाली उतरवला. भिंत बुजली. गच्चीवर तुंबवलेलं पाणी खाली कुठेही आलं नाही.

पिंपातला पिंपळ जगला. परवा संध्याकाळी अध्यक्ष त्याच्यापाशी बराच वेळ उभे होते. मला हाक मारून म्हणाले, "झाड छान आलंय हो. पण पिंप बरं दिसत नाही. छोटासा पार बांधला तर? आणि पार बांधलाच तर दोन बाकं…"

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती.

"अर्ज!" नाना वरून म्हणाले.