आक्काला शांतता सोसत नाही

जळगावात शांतता पसरली की लोक घराबाहेर येऊन विचारतात, काय झालं भो? शांततेची आम्हाला तीनच कारणं माहीत. कुठल्या तरी पक्षाचा बंद असतो, गल्लीत कुणी तरी गेलेलं असतं, नाही तर मे महिन्याची दुपार असते. तिसरं कारण सर्वांत भरवशाचं. पारा 45 च्या घरात गेला की एक ते चार टॉवर चौकात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण पाच वाजता रसवंतीचे घुंगरू वाजतात आणि गाव आपल्या मूळ आवाजावर येतं. हवा छान आहे, दुकानं उघडी आहेत, सगळे जिवंत आहेत आणि तरीही गाव गप्प आहे, ही सोय आमच्याकडे नाही.

ती पॅरिसच्या दक्षिणेला, दहाएक किलोमीटरवर आहे. गावाचं नाव सो. फ्रेंच लोक ते सहा अक्षरं खर्चून लिहितात आणि बोलताना त्यांतली बहुतेक वापरतच नाहीत. जळगावच्या सराफ बाजाराजवळ वाढलेल्या माणसाला ही उधळपट्टी बघवत नाही. वस्ती वीस हजारांच्या आसपास. माझा भाचा तिथे राहतो, पॅरिसात नोकरीला जातो, आणि जुन्या बंगल्याचा खालचा मजला व मागची ओसरीएवढी बाग यांच्यासाठी जे भाडं भरतो ते त्यानं आईला अजून सांगितलेलं नाही. आई म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. माहेर जळगाव, सासर धुळ्याचं देवपूर. लग्न होताच माहेरची बोली तिनं ट्रंकेत घातली आणि सासरची अहिराणी अशी उचलली, की विमानात पाणी मागायलाही तीच. पाणी मिळालं, हे मुद्दाम सांगतो.

उन्हाळा चुकवायला आम्ही दोघं एप्रिलमध्ये गेलो. शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर बी नावाची लोकल सोपर्यंत जाते. डबा भरलेला, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आक्कानं समोरच्या बाईकडे बघून हसून पाहिलं. बाईनं हसून पुस्तक वर धरलं. चाळीसगाव-धुळे गाडीत एवढ्या वेळात सोयरीक जमते, कधी कधी मोडतेसुद्धा. घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात, लख्ख उजेड, दोन्ही बाजूंना कापून सरळ केलेली झाडांची कुंपणं, त्यांमागे बंद झडपांची घरं. रस्त्यावर आमच्या बॅगांच्या चाकांचाच काय तो खडखडाट. आक्का थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “आठे कोणी मरी गयं का रे?”

“नाही आई, इथे असंच असतं.”

“रोज?”

भाच्यानं मान हलवली. आक्कानं पदर डोक्यावर घेतला. अशा ठिकाणी काय करायचं ते तिला एवढंच माहीत होतं.

सोची ही रेल्वे मात्र मला मनापासून आवडली. ती 1846 सालची, म्हणजे बोरीबंदर-ठाण्याच्या आधी सात वर्षं. तेव्हा तिच्या रुळांमधलं अंतर पावणेदोन मीटर होतं, आपल्या ब्रॉडगेजपेक्षाही जास्त. आर्नू नावाच्या इंजिनियरनं डबे असे जोडले होते की गाडी अगदी आखूड वळणंही घेई. शेवटच्या स्टेशनात ती गोल फिरून तोंड वळवून परत निघे. पॅरिसमधलं दाँफेर-रोशरो स्टेशन त्यापायीच वाटोळं बांधलं, ते अजून उभं आहे. मी हे सगळं आक्काला उत्साहानं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, ही लाईन मागितल्यावर किती वर्षांनी मिळाली? मनमाड-इंदूर रेल्वेची वाट बघण्यात धुळ्याच्या कैक पिढ्या गेल्या आणि केंद्राची मंजुरी आली 2024 मध्ये. धुळेकराला रेल्वेचा इतिहास सांगताना जरा जपून सांगावा.

सकाळी आक्का फिरायला निघे. रस्त्यांची नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं धुळ्याची पद्धत लावली. ब्रिग्ज साहेबानं 1819 मध्ये धुळ्याला खानदेशाचं मुख्य ठाणं केलं, तेव्हापासूनचे तिथले जुने रस्ते सरळ आणि गल्ल्यांना नंबर. आक्कानं सोच्या गल्ल्यांनाही नंबर दिले. पादचाऱ्यांसाठी राखलेली, दुकानांनी भरलेली रू उदाँ झाली गल्ली नंबर चार. आठवड्याभरात भाचा आणि सूनबाईही ‘दूध नंबर चारमधून आण’ म्हणू लागले. फ्रान्समध्ये दुकानात शिरताच आधी नमस्कार घालावा लागतो, बोंजूर म्हटल्याशिवाय पावाला हात लावणं असभ्यपणा. आक्का दारातूनच खणखणीत ‘राम राम’ म्हणे. दुकानदारीण तितक्याच खणखणीत आवाजात ‘बोंजूर मादाम’ म्हणे. आठवडाभर ज्यांचा आवाज मला ऐकू आला अशा या दोनच बायका.

पाव म्हणजे ती हातभर लांब बगेत. अस्सल पारंपरिक बगेतमध्ये गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांपलीकडे फारसं काही नसावं, असा 1993 चा सरकारी हुकूम आहे. 2022 मध्ये युनेस्कोनं ती बनवण्याची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र हा वारसा दाराला अडसर लावण्याइतका कडक होतो. आक्कानं तो टाकू दिला नाही. कालच्या बगेतचे तुकडे हातानं चुरले, वर लसणाच्या फोडणीचं वरण ओतलं, चमचाभर तूप सोडलं आणि ताट भाच्यापुढे सरकवलं. वरण-बट्टीवर वाढलेला तो पोरगा पहिला घास घेऊन बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग ताट पुसून पुन्हा पुढे केलं. युनेस्कोला कुणी कळवू नये.

गावात पाहण्यासारखं म्हणजे सोचं उद्यान. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेअर यानं 1670 मध्ये ही जागा घेतली आणि बाग आखली ल नोत्रनं, व्हर्सायच्या बागा आखणाऱ्यानं. किलोमीटरभर लांब सरळसोट कालवा आहे. एप्रिलमध्ये तिथे चेरीची झाडं फुलतात, एका राईत गुलाबी, दुसरीत पांढरी. खाली सतरंज्या टाकून माणसं बसलेली, बोलतातही, पण दवाखान्यात बोलावं तसं. आक्कानं मान वर करून मोहर तपासला. फळ कधी धरेल, विचारलं. भाचा म्हणाला, ही शोभेची जात, खायचं फळ नाही धरत. आक्कानं आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्या राईकडे, मग माझ्याकडे. शेतात केळी आणि कापूस बघत वाढलेल्या बाईचा हा धक्का मला समजत होता. मेहरूणच्या तलावाकाठी इतकी झाडं असती तर बोरं तरी लागली असती.

तिचं मन रमलं ते क्युरींपाशी. पिएर क्युरीचे आईवडील सोचे रहिवासी. 26 जुलै 1895 ला पिएर आणि मारी यांचं लग्न इथल्याच नगरपालिकेत लागलं. धार्मिक विधी नाही, अंगठी नाही, पांढरा झगा नाही. मारीनं गडद निळा पोशाख निवडला, कारण पुढे तो प्रयोगशाळेत वापरता यावा. अहेराच्या पैशातून दोघांनी सायकली घेतल्या आणि त्यांवरूनच मधुचंद्राला निघाले. नगरपालिकेसमोर उभा राहून मी हे सांगत होतो आणि आक्का मनात हिशेब करत होती, तिच्या थोरलीच्या लग्नाचा. मांडव, हळद, बँड, डीजे, वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्यांची भाजी, चार पंगती, आणि पाचव्या पंगतीला भाजी पुरली नाही म्हणून रुसलेले व्याही. शेवटी म्हणाली, “आणि तो निळा झगा खरंच वापरला?”

“वापरला ना.”

“मना शालू पन्नास वरीस झायात, गोळ्यासमा पडेल शे.” डांबराच्या गोळ्यांत, म्हणजे.

पिएर आणि मारी सोच्याच स्मशानभूमीत होते, 1995 मध्ये त्यांना मोठ्या मानानं पॅरिसच्या पँथेऑनमध्ये हलवलं. त्यांची मुलगी इरेन आणि जावई फ्रेदेरिक मात्र अजून इथेच. दोघांना मिळून 1935 चं रसायनशास्त्राचं नोबेल. लग्नानंतर दोघांनी आडनाव जोडून घेतलं, जोलिओ-क्युरी. आक्काच्या मते जावयानं सासऱ्याचं आडनाव लावायचं आणि सासरच्याच गावात पुरून घ्यायचं, हे नोबेलपेक्षा अवघड काम.

चर्चशेजारी एक लहानशी बाग आहे, तिथे मी आक्कापेक्षा जास्त वेळ रेंगाळलो. 1794 मध्ये वारलेला कथाकार फ्लोरियाँ इथे पुरलेला आहे, आणि तो दक्षिणेकडचा. पॅरिसात पोटासाठी आलेले दक्षिणेचे कवी, प्रोव्हाँसाल बोलीत लिहिणारे, एकोणिसाव्या शतकापासून त्याच्या समाधीपाशी जमत आले. तिथे मिस्त्रालचा अर्धपुतळा आहे. मिस्त्राल आयुष्यभर त्या बोलीत लिहीत राहिला आणि त्याला 1904 चं नोबेल मिळालं. राजधानीच्या उंबऱ्यावर बोलीतल्या कवींची बाग! आसोद्याच्या बहिणाबाईंना शाळेचं तोंड दिसलं नाही, 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण तिथल्या पोराला वर्गात घरची बोली तोंडातून निसटली तर अजून बाकीचे हसतात. आक्काला मी म्हटलं, बोल इथे, हवं तेवढं. ती मिस्त्रालसमोर उभी राहून धुळ्याच्या शेजारणीविषयी जे बोलली ते छापता येणार नाही. मिस्त्रालनं ऐकून घेतलं.

मग भरिताचं प्रकरण. खानदेशात भरीत पऱ्हाट्यांवर भाजतात, थंडीत, मळ्यात, आणि त्याची पार्टी असते. इथे मे महिना होता, वांगी जांभळी होती आणि शेगडी काचेची. काचेवर वांगं ठेवलं की शेगडी, हे भांडं नाही, म्हणून शिट्टी वाजवून बंद होई. ओव्हनमध्ये भाजलं तर वांगं शिजलं, पण धुराचा वास नाही. रविवारी आक्कानं बागेतली कोळशाची शेगडी पेटवली. भाच्याचा चेहरा उतरला. फ्रान्समधल्या कित्येक गावांत रविवारी गवत कापायचं यंत्रसुद्धा ठराविक वेळेतच चालवता येतं, आणि इथे साल तडतडत फुटत होती, रस निखाऱ्यावर पडून चुर्रर्र करत होता, आणि काळा धूर कुंपण ओलांडून पलीकडे निघाला होता. भाचा ओला टॉवेल घेऊन त्याच्यामागे धावत होता, जणू तो धरून परत आणता येणार होता. पलीकडची झडप बोटभर उघडली. मग कुंपणाच्या फाटकापाशी सत्तरीच्या एक बाई आल्या, हातात फांद्या छाटायची कात्री. अत्यंत नम्रपणे विचारलं, सगळं ठीक आहे ना?

भाचा माफी मागत सुटला. आक्कानं तेवढ्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे ठेचून घातलेलं भरीत बगेतच्या तुकड्यावर घालून बाईंच्या हातात दिलं. बाईंनी खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं. काही तरी बोलल्या.

“काय म्हनी ऱ्हायनी?”

“म्हणतात, चव फार वेगळी आहे. आणि शुक्रवारी शेजाऱ्यांचा सण आहे, त्याला या.”

शेजाऱ्यांचा सण! 1999 मध्ये पॅरिसच्या सतराव्या प्रभागात अतानाझ पेरिफाँ यांनी तो सुरू केला. एक म्हातारी आपल्या घरात वारली आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ताच लागला नाही, त्यावरून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. मेअखेरीस एका संध्याकाळी शेजाऱ्यांनी टेबलं बाहेर काढायची आणि एकमेकांना भेटायचं. आक्काला हे ऐकून पहिल्यांदा वाईट वाटलं आणि मग राग आला. देवपुरात सकाळी आठपर्यंत दार उघडलं नाही तर तीन बायका कडी वाजवतात, आणि दार उघडल्यावर, एवढा वेळ का झोपलीस म्हणून रागावतात.

शुक्रवारी गल्लीत टेबलं लागली. प्रत्येकानं काही ना काही आणलेलं. वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लावून राहणारे दोन गृहस्थ एकमेकांना आपली नावं सांगत होते. आक्का खुर्ची ओढून मधोमध बसली आणि तिनं चौकशी आरंभली. पोरं किती, घर स्वतःचं का, पगार किती? भाच्यानं पगाराचा प्रश्न फ्रेंचमध्ये ‘आईला विचारायचंय, यंदाचं हवामान कसं वाटतं’ असा केला. समोरच्या गृहस्थांनी हात हलवत पाच मिनिटं उत्तर दिलं. आक्का मला हळूच म्हणाली, एवढं लांबण लावलं म्हणजे बरा असणार.

आम्ही नेलेलं भरीत जवळजवळ सगळं संपलं. उरलेलं एका वाडग्यात घालून आक्कानं कात्रीवाल्या बाईंना दिलं. सकाळी वाडगा फाटकावर ठेवलेला मिळाला. घासलेला, पुसलेला, सोबत आभाराचं सुरेख कार्ड.

“रिकामं भांडं दिन्हं तिनी!” आक्का चहा तसाच ठेवून उभी राहिली. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तिनं भाच्याला तो वाडगा घेऊन पलीकडे पिटाळलं, नियम समजावून सांगायला. फ्रेंचमध्ये तो त्यानं कसा सांगितला देव जाणे. संध्याकाळी बाई स्वतः आल्या, वाडग्यात त्यांच्या बागेतल्या चेरींचा गेल्या साली घातलेला मुरंबा. फळ धरणारी चेरी गावात आहे हे कळून आक्काला बरं वाटलं. पण आता वाडगा आमच्याकडे होता, आणि तोही रिकामा पाठवता येत नव्हता. म्हणून शेवभाजी गेली. सफरचंदाचा केक आला. मूगडाळीची खिचडी गेली.

आम्ही परत आलो, वाडगा तिथेच राहिला. आता दर चार-सहा दिवसांनी भाच्याचा फोन येतो. धुळ्यात तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि तो स्वयंपाकघरात उभा राहून विचारतो, “आई, काकूंनी कांद्याचं सूप पाठवलंय. काय टाकू?”

“कळन्याचं पीठ शे का घरात?”

“नाही.”

“मंग लिही ले,” आक्का सांगते, आणि आधी कांदा किती चिरायचा ते सांगायला बसते.