जावयाची रायफल आणि माझं खोबरं

"वैनी, इकडं या जरा. चहा मागनं टाका. मिनियापोलिसच्या विमानतळावर जावयानं काउंटरवरच्या पोरीला काय सांगितलं असेल? 'बॅगेत रायफल आहे.' आणि तेही चांगलं खणखणीत! आम्ही सोडायला गेलो होतो. माझे हातपाय गार. म्हटलं, आता शिट्ट्या वाजणार आणि वरात थेट चौकीत."

"अगंबाई! मग?"

"मग काय, पोरीनं साधी मानसुद्धा वर केली नाही. बंदूक रिकामी आहे अशा चिठ्ठीवर सही घेतली, ती चिठ्ठी बंदुकीच्या पेटीत ठेवायला लावली, झालं. तिकडं सांगितलं तर गुन्हा नाही, लपवलं तर मेला! ती पेटी तुम्ही बघायला पाहिजे होती. टणक प्लास्टिकची, आत स्पंजमध्ये रायफलीच्या मापाचा खळगा. गौरीचे मुखवटेसुद्धा आपण इतके जपून ठेवत नाही. दोन्ही टोकांना कुलपं, आणि मधनं कड उचकटून बोट जाता कामा नये. किल्ली त्याच्याच खिशात. गोळ्या त्यांच्या खोक्यात, त्याही खालच्या सामानातच. ११ पौंड, म्हणजे ५ किलोपर्यंत नेता येतात."

"पाच किलो? लढाईला निघालाय का?"

"एवढ्या कोण नेतंय! याच्याकडं एक खोकं. आणि ऐका, तिथलीच माणसं विसरून हातातल्या बॅगेत पिस्तूल घेऊन येतात. २०२३ साली तपासणीत ६,७३७ सापडली, बहुतेक भरलेली! आपण छत्री विसरतो तसं."

"पण त्याचं ग्रीनकार्ड कुठं झालंय अजून? बंदूक कशी दिली त्याला?"

"मीही तेच विचारलं. शिकारीचं लायसन काढलं की व्हिसावाल्यालाही चालते म्हणे. तेव्हा मोंटानात एल्क मारायला चालला होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा."

"आपल्याकडं शिकार कधीचीच बंद. नाहीतर कोल्हापूरच्या महाराजांनी चित्ते पाळून काळवीट मारायचे दिवस..."

"ते गेले हो. पण बंदूक विमानात बसते ती आपलीपण! कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकात नेमबाजीचं ब्राँझ मारलं, त्याची रायफल काय एस्टीनं गेली होती?"

"तेही खरंच."

"माझा राग वेगळाच आहे. अमेरिकेला जाताना मी सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या घेतल्या होत्या, चटणीला. आपल्याच विमानतळावर काढून घेतल्या. तेल असतं, पेट घेईल म्हणे. मेली बंदूक चालते, खोबरं चालत नाही! जावयाला म्हटलं तर हसला. म्हणाला, 'आई, माझाही अस्वलाचा फवारा घरीच ठेवलाय.'"

"अस्वलाचा?"

"अस्वल अंगावर आलं तर तोंडावर मारायचा. आत काय, तर मिरचीचा अर्क! म्हणजे आपला लवंगी ठेचाच, डब्यात दाबून भरलेला. तो विमानात ना वर चालत, ना खाली. तिथं उतरून नवा विकत घ्यायचा. डब्याला म्हणे पन्नासेक डॉलर! इथनं शंकेश्वरी मिरची नेली असती तर अस्वलानं गावच सोडलं असतं."

"आणि मारलेलं आणायचं कसं?"

"सुक्या बर्फात. तोही अडीच किलोच, जास्त नाही. मोठा कूलर रिकामा घेऊन गेला. मटण येणार म्हणून लेकीनं फ्रीजर मोकळा केला. त्यात मी पंचवीस पुरणपोळ्या लाटून ठेवल्या होत्या, त्या सगळ्यांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ खाल्ल्या. नातू तर पोळी बघितली की टेबलाखाली."

"आणि एल्क?"

"कसला एल्क! पाच दिवस बर्फात बसून आला, शेपूटसुद्धा दिसलं नाही. पुन्हा काउंटर, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा सही. आता फ्रीजरही रिकामा आणि पोळ्याही संपल्या. काल फोन केला तर म्हणतो कसा, 'आई, पुन्हा कधी येताय?'"